सैल पडलेला पट्टा

चंपाक्कांनी माझ्या गळ्यातली टेप स्वतःच्या हातानं काढली, तिची गुंडाळी केली आणि मशीनच्या खणात टाकून खण लावून घेतला.

"मापायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "काय शिवायचं ते अदमासानं शीव. ह्या खेपेला पोटाला टेप लावायची न्हाई."

त्यांच्या मागं त्यांची सून त्रिशला उभी होती. पाचवा महिना सरत आला होता. बालवाडीत शिकवायची, सडपातळ अंगाची, बोलणं अगदी हळू. तिनं माझ्याकडं बघून थोडंसं हसू आणलं, म्हणजे तुम्ही राग मानू नका असं. राग मला आला होताच. पण चंपाक्कांचंही काही चुकलं नव्हतं. त्रिशलाला याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना काही ओलांडला नव्हता. दुसऱ्या खेपेला मीच तिच्या कमरेला टेप लावून दोन परकर बेतले होते, आणि ते शिवून व्हायच्या आत तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. टेपनं मूल जात नाही हे चंपाक्कांनाही कळत असणार. पण दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, त्याला कोण काय सांगणार?

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इचलकरंजीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं, मागच्या बाजूला चार माग चालायचे, आणि पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन. मी फक्त पोटुशी बायकांचं शिवत असे. ठरवून काही झालं नव्हतं. माझा मुलगा पोटात असताना परकराच्या नाडीनं कमरेला वळ उठायचे, म्हणून मी एका परकराचा नेफा उसवून नाडीच्या जागी बनियनच्या मऊ कापडाची रुंद पट्टी लावली. शेजारणीनं बघितली, तिला हवी झाली. मग तिच्या बहिणीला. पुढं सलवारींना पोटावर ताणणारी पट्टी, बाजूला बटणं असलेले परकर, पुढून उघडणाऱ्या चोळ्या असं एकेक सुरू झालं. आणि सगळ्यात जास्त मागणी होती ती पोटपट्ट्याला.

हा पट्टा माझा स्वतःचा. वीतभर रुंद होजिअरीचं कापड दुहेरी करून पोटाखालून घ्यायचं, म्हणजे ओझं पाठीवर न येता कमरेवर येतं. दोन्ही टोकांना आत इलास्टिक, त्या इलास्टिकला हातानं केलेली सहा-सहा काजं, आणि कापडाला बटण. पोट वाढेल तसं एक-एक काज पुढं सरकायचं. पाचव्या महिन्यात शिवलेला पट्टा बाळंत होईपर्यंत पुरायचा. गावातल्या एका डॉक्टरीणबाईंनीही बघून नावाजला होता. माझ्या हातचा पट्टा काचत नाही आणि सैलही पडत नाही, असं मी येईल तिला सांगत असे. कुणी न विचारताही सांगत असे, खोटं कशाला बोलू?

त्रिशलाचा पट्टा मी तिचा जुना परकर समोर ठेवून अदमासानं बेतला आणि तो अगदी बरोबर बसला. चंपाक्कांना मी मुद्दाम दाखवला. त्या एवढंच म्हणाल्या, "बघ, टेपवाचून काय अडलं?"

त्यानंतर त्रिशला दर पंधरवड्याला शाळेतून परतताना डोकावून जायची. दुसरं काज, मग तिसरं. सातवा संपताना चौथ्यावर आली. पहिल्यांदाच इतके महिने टिकले होते, त्यामुळं तिच्या चालण्यातही फरक पडला होता. पायरी चढताना एक हात पोटाखाली धरायची, आणि बसली की पट्ट्यावरून हात फिरवत राहायची. एकदा म्हणाली, "फळ्याजवळ उभी राहिले की लाथा सुरू होतात ताई. पोरं क, ख म्हणतात आणि हे आतून ठेका धरतं." तिला असं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मलाही वाटलं, देवा, एवढं एक नीट पार पाड.

आठवा लागला आणि चंपाक्कांनी तिची शाळा बंद केली. दवाखानाही. आठव्या महिन्यात बाईला गाडीत बसवायचं नाही, धक्का लागतो, असं त्यांचं म्हणणं. सातव्या महिन्यात सगळं ठीक असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता नववा लागला की ओटी भरू आणि मगच नेऊ, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्रिशलाचा नवरा अजित दोन पाळ्या मागांवर उभा असायचा. आई म्हणेल ती पूर्व दिशा असा त्याचा स्वभाव.

आठव्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्रिशला दुपारची आली आणि पट्टा माझ्या मशीनवर ठेवला.

"ताई, हा जरा घसरतोय," ती म्हणाली. "चौथ्यावर लावला की खाली येतो. तिसऱ्यावर लावून बघितला, तरी थोडा ढिलाच वाटतो."

मला एकदम झोंबलं. त्यात त्या महिन्यात इलास्टिकची भानगड झाली होती. माझा नेहमीचा दुकानदार दुकान बंद करून मुलाकडं गेला होता आणि मी दुसरीकडून नवा गठ्ठा आणला होता. त्यातलं इलास्टिक लावलेल्या दोन सलवारी धुतल्यावर ढिल्या पडल्या म्हणून परत आल्या होत्या. त्रिशलाच्या पट्ट्यात मात्र जुन्याच गठ्ठ्यातलं इलास्टिक होतं. पण ते माझ्या ध्यानात होतं कुठं? मनात आधीच धसका बसला होता, आणि वर त्रिशला म्हणाली, "आई म्हणत होत्या, शैलानं ह्या वेळी हलकं इलास्टिक घातलं वाटतं."

"हलकं?" मी म्हटलं. "तुझ्या सासूबाईंना सांग, शैला ढवळेनं आजवर कुणाला हलका माल घातलेला नाही. टाक इकडं. आत्ता आत घेऊन देते."

मी शिवण उसवायला बसले. त्रिशला समोरच्या स्टुलावर बसली. पाय सुजले होते, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठला होता. तोही मला दिसला. बघूनही न बघितल्यासारखं करतो आपण कधी कधी. आठव्यात पाय सुजायचेच, असं म्हणून मी पुन्हा नेफ्यात डोकं घातलं. दातांत दोन टाचण्या धरल्या होत्या.

मग ती म्हणाली, "ताई, आता ते पहिल्यासारखं हलत नाही हो. दिवसातून एकदा-दोनदा काय ते. गप्प असतं."

मी टाचण्या काढल्यासुद्धा नाहीत. दातांतूनच म्हणाले, "बरं झालं की. झोप तरी लागेल तुला."

"हो," ती म्हणाली.

इलास्टिक मी न कापता दोन्ही बाजूंनी बोटभर आत दुमडून घेतलं, नेफा शिवून टाकला, तिला तिथंच लावून दाखवला. घट्ट बसला. बाई पोटुशी असताना पट्टा आत घेण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती, आणि ते काही माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात एवढंच होतं की चंपाक्कांचं तोंड बंद झालं.

दहा-बारा दिवसांनी ती पुन्हा आली. शुक्रवार होता. रविवारी ओटीभरण ठरलं होतं, सगळ्या गल्लीला बोलावणं होतं, आणि माझ्याकडं तिची हिरव्या खणाची चोळी शिवायला होती. मला वाटलं चोळीसाठीच आली. पण तिनं पिशवीतून पट्टा काढला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "परत घसरतोय."

मी काय बोलले ते इथं लिहायला लाज वाटते. एवढंच सांगते की पट्टा लावायची पद्धत चुकतेय का, गरम पाण्यात धुतलास का, असं तिलाच सुनावलं. ती म्हणाली, "नाही हो ताई, हातानं गार पाण्यातच धुते." मग भिंतीला हात लावून उभी राहिली. चेहरा फुगल्यासारखा दिसत होता. डोकं दुखतंय, घरी जाऊन पडते म्हणाली. मी म्हटलं, जा, पट्टा राहू दे, उद्या नवं इलास्टिक घालून ठेवते.

ती गेल्यावर मी रागारागानंच पट्टा उसवला. यावेळी नेफा पूर्ण खोलून दोन्ही इलास्टिकं बाहेर काढली. माझी एक पद्धत होती. पट्ट्याचं इलास्टिक मी नेहमी एकाच लांबीचं कापायची, आणि त्यासाठी टेबलाच्या कडेवर ब्लेडनं दोन खाचा पाडून ठेवल्या होत्या. एका खाचेवर टोक धरायचं, दुसऱ्या खाचेवर कापायचं. नवं इलास्टिक कापायला घेतलं, तेव्हा जुनं किती ताणलं गेलंय ते बघावं, म्हणजे त्या नव्या दुकानदाराच्या तोंडावर नेऊन टाकता येईल, असं मनात आलं. म्हणून जुन्याचं टोक पहिल्या खाचेवर धरलं आणि सरळ केलं.

दुसरं टोक बरोबर दुसऱ्या खाचेवर आलं.

मी दुसरा तुकडा लावून बघितला. तोही तेवढाच. ओढून सोडला, जागेवर आला. पुन्हा ओढला, पुन्हा आला. मग काठ बघितला. माझ्या जुन्या गठ्ठ्याच्या काठाला निळा दोरा असायचा, तो ह्यात होता. म्हणजे हे ते नवं इलास्टिक नव्हतंच. ह्या इलास्टिकला काहीही झालेलं नव्हतं.

पट्टा तेवढाच होता. मीच तो बोटभर आत घेतला होता, तरीही तो घसरत होता. मग कमी काय झालं होतं?

मागचे माग चालू होते आणि मला त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला. त्याच सुमाराला शेजारच्या बोळातल्या एकीला पट्टा शिवून दिला होता, तिचेही दिवस त्रिशलाएवढेच, आणि ती केव्हाच पाचवं काज सोडून सहाव्यावर गेली होती. मी टाचण्या तोंडात धरून काय बोलले होते ते आठवलं. शब्दन् शब्द आठवला. मी तशीच उठले, उसवलेला पट्टा हातात घेतला, आणि मशीनवरचा दिवा चालू ठेवूनच बाहेर पडले.

चंपाक्का सोप्यात बसून हिरव्या बांगड्यांचे डझन लावत होत्या. रविवारी येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीला भरायच्या होत्या. दोन खेपा गेल्यानंतर हा दिवस आला होता, त्यामुळं बाई हरखून गेल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "चोळी झाली होय?"

"अक्का, त्रिशलाला दवाखान्यात न्यायला पाहिजे," मी म्हटलं. "आत्ता."

त्यांचा हात थांबला. "काय झालं?"

मी पट्टा पुढं केला आणि सांगायला लागले. इलास्टिक ढिलं नाही, टेबलावर लावून बघितलं, पोट वाढायचं सोडून कमी झालंय. सांगताना माझं मलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. हातात उसवलेली चिंधी घेऊन मी एका आजी होऊ घातलेल्या बाईला तिच्या घरात उभी राहून असं बोलत होते. चंपाक्कांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"पोट उतरलंय तिचं," त्या म्हणाल्या. "नववा लागायला आला की उतरतंच. मी चार बाळंतपणं केल्यात. तू मला शिकवू नकोस."

"उतरलं तर खाली येतं अक्का, कमी होत नाही."

"तोंडातनं असलं काढू नकोस शैला. परवा कार्यक्रम हाय. सोमवारी मी स्वतः नेते. दोन दिवसांनी काय बिघडत न्हाई."

मी खरं सांगते, त्या क्षणी मला परत फिरावंसं वाटलं. माझा अंदाज चुकला तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. ओटीभरणाच्या दोन दिवस आधी अभद्र बोलणारी बाई म्हणून माझ्या दारात पुन्हा कुणी पोटुशी आली नसती. आणि चुकला नाही तर? ते तर मनात आणवत नव्हतं. मी उंबऱ्यात तशीच उभी राहिले. म्हटलं, "अक्का, मी खोटी ठरले तर रविवारी सगळ्यांसमोर माझी शोभा करा. पण आत्ता न्या."

चंपाक्का काही बोलायच्या आत आतल्या खोलीचा पडदा हलला. त्रिशला उभी होती. तिनं चपला घातल्या होत्या. हातात दवाखान्याची फाईल होती. ती आमचं बोलणं ऐकून तयार झाली की आधीपासूनच तयार होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

"आई, मला जायचंय," ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही की रडली नाही. चंपाक्कांनी मांडीवरच्या बांगड्या बाजूला केल्या आणि उठल्या. मी कोपऱ्यावरून रिक्षा आणली.

दवाखान्यात त्रिशलाला आत नेलं आणि आम्ही दोघी बाकावर बसलो. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी चंपाक्कांना पाणी प्यायला लावलं, त्यावरूनच मला कळलं. बाळाचे ठोके लागत नव्हते. वाढ केव्हाच खुंटली होती, पोटातलं पाणीही आटलं होतं. त्रिशलाचा रक्तदाब इतका चढला होता, की अजून दोन दिवस घरी काढले असते तर तीही हाती लागली नसती. बाळ गप्प होऊन फार दिवस झालेले नसावेत, असंही डॉक्टर म्हणाल्या. एखाद-दुसरा. चंपाक्का जमिनीकडं बघत होत्या. मी डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत होते आणि मनात दिवस मोजत होते. दहा-बारा दिवसांपूर्वी ते दिवसातून एकदा-दोनदा हलत होतं. म्हणजे तेव्हा जिवंत होतं.

मुलगी होती. तिला अजितनं आणि त्याच्या काकांनी नेलं. त्रिशला आठवडाभर दवाखान्यात होती आणि मग माहेरी गेली.

त्यानंतर जे झालं त्यानं मला जास्त पोळलं. चंपाक्कांनी गल्लीभर सांगायला सुरुवात केली, की सून हाती लागली ती शैलामुळं. पट्ट्यावरून ओळखलं म्हणे, डॉक्टरांना जमलं नसतं. बायका मला रस्त्यात थांबवून विचारायच्या. कुणी म्हणायचं, तुमचे डोळे की यंत्र. पूर्वी ज्या गल्ल्यांतून कुणी यायचं नाही तिथून बायका यायला लागल्या, पट्टा नको असला तरी नुसतं बघून सांगा म्हणायच्या. माझं कौतुक ऐकायला मला किती आवडायचं, ते मी आधी सांगितलंच आहे. आता कुणी तोंडभरून बोललं की जेवण जायचं नाही.

दीड महिन्यानं चंपाक्का एक दिवस माझ्याकडं आल्या. वाळल्या होत्या. खिडकीपाशी त्याच स्टुलावर बसल्या. त्रिशला परत आलीये, सोमवारपासून शाळेत जाणार आहे, असं म्हणाल्या. बाकी इकडचं तिकडचं बोलल्या. मग माझा हात हातात घेतला.

"त्या दिवशी मी तुझं ऐकत नव्हते," त्या म्हणाल्या. "तू उंबऱ्यातनं हलली न्हाईस. तुझे उपकार कसे फेडू?"

मला ते सहन झालं नाही. मी हात सोडवून घेतला.

"अक्का, ऐका," मी म्हटलं. "त्रिशलानं मला दहा-बारा दिवस आधीच सांगितलं होतं. हलत नाही पहिल्यासारखं, असं म्हणाली ती. इथंच बसून. मी टाचण्या लावत होते. मी म्हटलं, बरं झालं, तुला झोप लागेल."

बोलून टाकलं आणि मी खाली मान घालून बसले. त्या उठून जातील, नाहीतर तोंडात मारतील, असं मला वाटत होतं. त्यातलं काहीही झालं असतं तरी बरं वाटलं असतं. चंपाक्का हलल्या नाहीत. मग त्यांचा आवाज आला, तो त्यांचा वाटतच नव्हता.

"मला बी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या आधी. तिथं सोप्यात. मी म्हटलं, पोर गुणाची हाय, आईला त्रास देत न्हाई."

आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही. नंतर त्या पदरानं तोंड पुसून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी गल्लीत माझं नाव घेणं बंद केलं, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी राहिले.

त्रिशलाला पुढं तीन वर्षांनी मुलगा झाला. आता ती मुख्याध्यापिका आहे. चंपाक्का शेवटी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचं सगळं तिनं केलं, चमच्यानं भरवण्यापर्यंत. माझ्याकडंही ती येते, बसते, मुलाचं शिक्षण, शाळेतल्या कटकटी, सगळं सांगते. त्या मुलीविषयी मात्र तिनं आम्हा दोघींपैकी कुणापाशी एक शब्द काढला नाही. मला कितीदा वाटतं की तिनं काढावा. भांडावं, विचारावं. पण ती कशाला विचारील? तिला सांगायचं होतं ते तिनं वेळेवर सांगितलं होतं.